अभ्यासक्रम कोणाचा? : भंडारा जिल्ह्यातील अध्यापक-शिक्षण आणि मराठीच्या अध्यापनाचा प्रश्न

१

शिक्षक घडविणाऱ्या अभ्यासक्रमाची चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. भावी शिक्षकाला काय शिकवावे, हा पहिला. आणि ते किती काळात शिकवावे, हा दुसरा. ते कोणी ठरवावे, हा तिसरा प्रश्न प्रशासनाच्या कक्षेतला मानून बाजूला ठेवला जातो. विद्यापीठीय प्राधिकरणांची रचना, अभ्यासमंडळांवरील निवडणुका आणि नामनिर्देशने हा कायद्याचा, फार तर प्राध्यापक संघटनांचा विषय. भाषा-साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, अशी समजूत रूढ आहे. ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे झाले आहे. मराठीचा शिक्षक वर्गात कोणती मराठी ‘बरोबर’ मानणार आणि कोणती ‘चूक’, हे पुष्कळ अंशी या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. भंडारा जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी हे सात तालुके त्यात उरले. १९५६ पर्यंत हा प्रदेश मध्यप्रदेशात होता. हिंदी ही येथे दीर्घकाळ कारभाराची आणि बाजाराचीही भाषा राहिली आहे. घराघरांतून झाडीबोली बोलली जाते; तिच्या शेजारी पोवारी आणि गोंडी नांदतात; आणि शाळेच्या दारातून आत गेल्यावर पाठ्यपुस्तकाची प्रमाण मराठी सुरू होते. एका मुलाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोन-तीन भाषिक उंबरठे ओलांडावे लागतात. ते ओलांडताना त्याचा हात धरणारा शिक्षक कोठे आणि कसा तयार होतो, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकांना परका असू शकत नाही.

२

झाडीबोलीचा अभ्यास आता नवा राहिलेला नाही. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या मराठीविषयक खंडात, म्हणजे १९०५ मध्येच, या भागातील मराठीची दखल ‘नागपुरी’ या नावाखाली घेतली गेली होती. पुढे साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीची शब्दसंपदा, तिचे व्याकरण आणि तिच्यातील दंडारीसारखे लोकनाट्याचे प्रकार यांचा जो अभ्यास केला, त्यामुळे झाडीबोलीला स्वतःचे नाव आणि स्वतःची ओळख मिळाली. या बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. पश्चिमेकडील वऱ्हाडीत याच ‘ळ’च्या जागी ‘य’ ऐकू येतो. हे बदल नियमित आहेत. बोलणाऱ्याच्या निष्काळजीपणाशी त्यांचा संबंध नाही. भाषाविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असते.

परंतु हे ज्ञान अध्यापक महाविद्यालयाच्या वर्गापर्यंत पोहोचते काय? लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातील एखाद्या शाळेत सहावीच्या वर्गावर मराठीचा सराव पाठ घेणारा छात्राध्यापक डोळ्यांसमोर आणावा. तो स्वतः याच मातीतला. पाठ टाचणात त्याने उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे नीट मांडली आहेत, फलकलेखनाचा आराखडा काढला आहे. प्रस्तावनेत तो तलावावर प्रश्न विचारतो आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा उत्साहाने बोडीतल्या पानीबद्दल सांगू लागतो. छात्राध्यापक क्षणभर थांबतो. त्याला ‘बोडी’ समजली आहे. त्याच्या घरामागेही बोडी आहे. परंतु वर्गाच्या शेवटी पाठनिरीक्षक बसले आहेत आणि निरीक्षण नोंदीत शुद्ध उच्चारांसाठी एक रकाना आहे. तो मुलाला ‘पाणी’ म्हणायला लावतो आणि पुढच्या मुलाकडे वळतो. पहिला मुलगा त्या तासात पुन्हा हात वर करीत नाही.

या प्रसंगात कोणीही दुष्ट नाही. छात्राध्यापकाने त्याला शिकविलेले तेच केले. निरीक्षकाने नोंदीत जो रकाना होता तो भरला. दोष शोधायचा तर तो रकाना कोणी आखला, हे विचारावे लागते. त्या रकान्यापर्यंत पोहोचण्यासाठी भंडाऱ्याहून नागपूर, मुंबई आणि दिल्ली असा प्रवास करावा लागतो.

३

भंडारा जिल्ह्यातील शिक्षणशास्त्र महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला हे नाव २००५ मध्ये मिळाले. बी.एड.चा अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यासमंडळ तयार करते, तो विद्याशाखेमार्फत विद्यापरिषदेकडे जातो आणि तेथे मंजूर होतो. कागदावर हा मार्ग शिक्षकांच्या स्वयंशासनाचाच आहे. शिक्षकांमधून निवडून आलेले आणि नामनिर्देशित झालेले सदस्य एकत्र बसतात, विषयाचा विचार करतात आणि निर्णय घेतात.

प्रत्यक्षात या मार्गावर तीन मोठे बदल झाले. पहिला बदल १९९३ च्या राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद अधिनियमाने झाला. १९९५ मध्ये ही परिषद वैधानिक संस्था म्हणून अस्तित्वात आली आणि अभ्यासक्रमाची मुदत, प्रवेशसंख्या, शिक्षकसंख्या, इमारत, ग्रंथालय यांचे मानदंड दिल्लीत ठरू लागले. १९९० च्या दशकात पदव्यांचा जो बाजार भरू लागला होता, तो पाहता अशा नियंत्रणाची आवश्यकता नव्हती असे कोणी म्हणणार नाही. परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५-१६ पासून दोन वर्षांचा केला आणि वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता अनिवार्य केली. हे पाऊल योग्य दिशेचे होते. परंतु मानदंड ठरविणारी संस्था आणि अभ्यासक्रम ठरविणारी संस्था यांतील रेषा हळूहळू पुसट होत गेली. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने वरून आलेल्या आराखड्याचे विषय, घटक आणि गुण यांत रूपांतर करावे, एवढेच काम आपल्याकडे उरले आहे, अशी धारणा शिक्षकांमध्येच बळावली.

दुसरा बदल राज्याच्या कायद्याने झाला. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियमाखाली विद्याशाखांचे अधिष्ठाते निवडून येत असत. १ मार्च २०१७ पासून लागू झालेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने विद्याशाखा चारच ठेवल्या आणि अधिष्ठाता हे निवडीने नेमले जाणारे पूर्णवेळ पद केले. शिक्षणशास्त्राची स्वतंत्र विद्याशाखा राहिली नाही. ते आंतरविद्याशाखीय अभ्यास या शाखेत गेले. मराठी हा विषय मानव्यविद्या शाखेत राहिला. नावात ‘आंतर’ असले तरी, मराठीचा आशय ठरविणारे अभ्यासमंडळ आणि मराठीची अध्यापन पद्धती ठरविणारे अभ्यासमंडळ यांची वाट दोन वेगळ्या शाखांतून जाते. ही दोन मंडळे एका टेबलाशी बसावीत, अशी नित्याची व्यवस्था त्यातून उभी राहत नाही.

तिसरा बदल भूगोलाचा आहे. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे नागपूर विद्यापीठापासून वेगळे झाले. त्या जिल्ह्यांच्या दृष्टीने ही इष्ट घटना होती. परंतु झाडीपट्टी मात्र दोन विद्यापीठांत विभागली गेली. भंडारा आणि गोंदिया एका बाजूला, चंद्रपूर-गडचिरोलीचा पूर्व भाग दुसऱ्या बाजूला. एकाच बोलीत वाढलेल्या मुलांचे शिक्षक दोन वेगवेगळ्या अभ्यासक्रमांनुसार तयार होतात आणि या बोलीचा विचार करण्याची जबाबदारी दोन्हींपैकी कोणा एकावर येत नाही.

४

या प्रश्नाकडे इतिहासाने कधी पाहिलेच नव्हते, असे नाही. भंडाऱ्यापासून फार दूर नसलेल्या वर्ध्याला २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. मातृभाषेतून सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण आणि उद्योगाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम ही तिची सूत्रे होती. त्यांना आकार देण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. नव्या शिक्षणाची सारी मदार नव्या शिक्षकावर राहणार, हे त्या योजनेने प्रारंभीच ओळखले होते. मुलाच्या परिसरातील काम आणि त्याच्या तोंडची भाषा हेच शिक्षणाचे साधन मानल्यावर, तो परिसर व ती भाषा जाणणारा शिक्षक ओघानेच आला. योजना पुढे मागे पडली. तिच्यातील हा विचार मात्र जुना झालेला नाही.

१९६६ हे वर्ष या संदर्भात विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. त्या वर्षी जून महिन्यात कोठारी आयोगाने आपला अहवाल सादर केला. अध्यापक-शिक्षणाचे मुख्य दुखणे आयोगाने एका शब्दात सांगितले : अलगपणा. अध्यापक-शिक्षण विद्यापीठाच्या ज्ञानजीवनापासून अलग आहे, शाळांपासून अलग आहे आणि त्याच्या संस्था परस्परांपासूनही अलग आहेत, असे आयोगाचे निदान होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पॅरिस येथे युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या पुढाकाराने शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस स्वीकारली गेली. नवे अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके आणि साधने यांच्या निर्मितीत शिक्षकांचा व त्यांच्या संघटनांचा सहभाग असावा, हे तिने स्पष्ट शब्दांत नोंदविले. अमेरिकेतील विद्यापीठीय प्राध्यापकांच्या संघटनेनेही त्याच वर्षी विद्यापीठ शासनाविषयी जे निवेदन स्वीकारले, त्यात अभ्यासक्रम आणि अध्यापन पद्धती यांची प्राथमिक जबाबदारी अध्यापकवर्गाची आहे, अशी भूमिका घेतली. तीन वेगळ्या भूमींवर एकाच वर्षी तीन दस्तऐवज एकमेकांच्या जवळ जाणारी गोष्ट सांगत होते. अभ्यासक्रम अंमलात आणणाऱ्याला तो घडविण्यात वाटा नसेल, तर अंमलबजावणी यांत्रिक होते.

यानंतर सत्तावीस वर्षांनी, १९९३ मध्ये, प्रा. यशपाल यांच्या समितीने ओझ्याविना शिक्षणाचा विचार मांडताना अभ्यासक्रमाची आखणी आणि पाठ्यपुस्तकनिर्मिती विकेंद्रित करावी, म्हणजे शिक्षकांचा त्यातील सहभाग वाढेल, अशी शिफारस केली. अध्यापक-शिक्षणाच्या मानदंडांचे केंद्रीकरण करणारा अधिनियमही त्याच वर्षी झाला. शालेय शिक्षणात विकेंद्रीकरणाचा विचार आणि शिक्षकांच्या शिक्षणात केंद्रीय नियंत्रणाची व्यवस्था, ही विसंगती तेव्हापासून आजपर्यंत चालत आली आहे. ज्याला स्वतःच्या प्रशिक्षणात एकदाही निवड करण्याची संधी मिळाली नाही, तो शिक्षक आपल्या वर्गात स्वतंत्र निर्णय घेईल, ही अपेक्षा बाळगणे कठीण आहे.

५

येथे एका महत्त्वाच्या गोष्टीकडे दुर्लक्ष होण्याचा संभव आहे. दिल्लीच्या आराखड्याने स्थानिक विचाराचे सारे दरवाजे बंद केले आहेत, हे खरे नाही. २०१४ च्या विनियमांनंतर राष्ट्रीय परिषदेने बी.एड.साठी जो अभ्यासक्रम आराखडा सुचविला, त्यात ‘अभ्यासक्रमातील सर्व विषयांतून भाषा’ अशा आशयाचा एक अर्धा पेपर आहे. विद्यार्थ्यांची भाषिक पार्श्वभूमी समजून घेणे, घरची भाषा आणि शाळेची भाषा यांतील अंतर ओळखणे, ही त्याची प्रारंभीचीच अपेक्षा आहे. गणिताच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकालाही हा पेपर चुकत नाही. भंडाऱ्याच्या दृष्टीने इतका अनुकूल घटक दुसरा शोधून सापडणार नाही.

परंतु आराखडा जेथे ‘विद्यार्थ्यांची भाषिक पार्श्वभूमी’ असे म्हणतो, तेथे ती पार्श्वभूमी कोणती, हे तो सांगू शकत नाही आणि त्याने सांगूही नये. ते सांगण्याचे काम स्थानिक अध्यापकांचे. मोहाडीच्या विणकर वस्तीतील मूल कोणती भाषा घेऊन येते, तुमसरच्या बाजूला मध्यप्रदेशाच्या सीमेलगत हिंदी आणि पोवारी मराठीत कशा मिसळतात, धानाच्या शेतीतील बांधी आणि रोवणी हे शब्द पाठ्यपुस्तकातील शेतीच्या धड्यात का भेटत नाहीत, याची उत्तरे नागपूरच्या मंडळालाही बसल्या जागी देता येणार नाहीत. हा रिकामा सोडलेला भाग स्थानिक आशयाने भरला नाही, तर मार्गदर्शक पुस्तिका तो भरून काढतात. मग ‘बहुभाषिकता’ची व्याख्या, तिचे पाच फायदे आणि तिच्या चार मर्यादा छात्राध्यापक पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि सराव पाठात मुलाचा ‘पानी’ दुरुस्त करतो. ज्ञान आणि आचरण यांची एवढी उघड फारकत क्वचितच पाहावयास मिळते.

म्हणून अधिकार मागण्याआधी, असलेल्या अधिकाराचा उपयोग किती केला, हा प्रश्न अध्यापकांनी स्वतःला विचारणे प्रामाणिकपणाचे ठरेल. अभ्यासमंडळाच्या जागेकडे ज्ञानविषयक जबाबदारी म्हणून पाहण्याऐवजी परीक्षक-प्राश्निकांच्या नेमणुकांचे आणि गटाच्या प्रतिष्ठेचे साधन म्हणून पाहिले जाते, ही टीका जुनी आहे आणि ती सर्वस्वी निराधार नाही. निवडणुकीच्या काळात संघटनांच्या प्रचारपत्रकांत वेतन, रजा आणि पदोन्नती यांना जागा मिळते. अभ्यासक्रमाला मिळत नाही. मराठीचे प्राध्यापकही या दोषातून मुक्त नाहीत. बोलीवर चर्चासत्रे होतात, प्रबंध होतात. परंतु आपलाच पदवीधर उद्या बी.एड. करून शाळेत जाणार आहे आणि तेथे त्याला या अभ्यासाचा उपयोग करता आला पाहिजे, हा विचार करून शिक्षणशास्त्राच्या मंडळाला पत्र लिहिणारे मराठी विभाग किती असतील? कोठारी आयोगाने सांगितलेला अलगपणा दोन्ही बाजूंनी जोपासला गेला आहे.

याच्या जोडीला एक कठोर वस्तुस्थिती आहे. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रत्येक वर्षी शंभर विद्यार्थ्यांची प्रवेशक्षमता असलेल्या महाविद्यालयात सोळा पूर्णवेळ अध्यापक असावेत, असा २०१४ चा मानदंड होता. विनाअनुदानित महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर किंवा अल्पकालीन नेमणुकीवर काम करणाऱ्या अध्यापकाला मात्र पुढच्या वर्षी आपण तेथे असू की नाही, हेच माहीत नसते. ज्याच्या नेमणुकीला विद्यापीठाची नियमित मान्यता नाही, त्याचे नाव मतदारयादीत येत नाही. सराव पाठ, आंतरवासिता, टाचण वह्या यांचे ओझे ज्याच्या खांद्यावर अधिक असते, त्याचाच आवाज अभ्यासमंडळापर्यंत कमीत कमी पोहोचतो. सुरक्षित नोकरीशिवाय अध्यापकांचे स्वयंशासन हा शब्दांचा खेळ ठरतो, हे येथे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

६

स्थानिक अध्यापकांना अभ्यासक्रमात वाटा द्यावा, या मागणीवर तीन आक्षेप घेतले जातात आणि ते गंभीरपणे विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप समानतेचा. भंडाऱ्याची पदवी पुण्याला आणि नाशिकला चालली पाहिजे. स्थानिकतेच्या नावाखाली तिचे मोल कमी होता कामा नये. हा मुद्दा बरोबर आहे. परंतु शिक्षणाचे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, मूल्यमापन, विषयाची अध्यापन पद्धती हा गाभा समान ठेवून, भाषाविषयक पेपरातील एक घटक आणि आंतरवासितेतील एक प्रकल्प स्थानिक ठेवल्याने पदवीची समानता ढळत नाही. मुलाची बोली ऐकून तिची नियमबद्ध नोंद करण्याचे कौशल्य झाडीबोलीवर शिकलेल्या शिक्षकाला अहिराणी किंवा मालवणीच्या प्रदेशातही उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप प्रमाणभाषेचा. मुलांना पुढे स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत, मोठ्या शहरांत जायचे आहे. त्यांना बोलीत अडकवून ठेवणे हा त्यांच्यावर अन्याय नाही काय? ही भीती अनेक पालकांचीही आहे आणि ती उपहासाने उडवून लावता येणार नाही. प्रमाण मराठीवर प्रभुत्व मिळविणे हा भंडाऱ्याच्या मुलाचा हक्कच आहे. प्रश्न त्या प्रभुत्वाकडे जाणाऱ्या वाटेचा आहे. ज्या मुलाला आपल्या बोलीतील ‘र’ आणि प्रमाणभाषेतील ‘ळ’ यांचा संबंध नियम म्हणून कळतो, तो ‘डोरा’वरून ‘डोळा’कडे जातो आणि असे शेकडो शब्द स्वतःच दुरुस्त करू शकतो. ज्याला केवळ ‘चूक’ असे सांगितले जाते, त्याला प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे पाठ करावा लागतो आणि बोलण्यापूर्वी घाबरावे लागते. बोलीचे ज्ञान हे प्रमाणभाषेच्या अध्यापनाचे साधन आहे, हे शिक्षकाला त्याच्या प्रशिक्षणात कळले तर पालकांची भीती आपोआप कमी होईल.

तिसरा आक्षेप क्षमतेचा. जिल्ह्याच्या पातळीवर अभ्यासक्रम रचण्याइतके तज्ज्ञ कोठे आहेत? या आक्षेपात एक अन्यायकारक गृहीतक दडलेले आहे. झाडीबोलीचा पायाभूत अभ्यास साकोलीसारख्या गावातून उभा राहिला; राजधानीच्या संशोधनसंस्थेची वाट त्याने पाहिली नाही. अनुभवी शाळाशिक्षक, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, महाविद्यालयांचे मराठी विभाग आणि दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईतून दंडार, खडीगंमत जिवंत ठेवणारे कलावंत या सर्वांचे ज्ञान जिल्ह्यात आहेच. त्याला अभ्यासक्रमात येण्याची वाट नाही, एवढेच.

७

ही वाट तयार करण्यासाठी नव्या कायद्याची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. शिक्षणशास्त्र आणि मराठी या दोन अभ्यासमंडळांनी वर्षातून किमान एक बैठक संयुक्तपणे घ्यावी. मराठीची अध्यापन पद्धती आणि भाषाविषयक पेपर यांच्या आशयाची जबाबदारी दोघांनी मिळून उचलावी. अभ्यासक्रमाचा मसुदा मंजुरीपूर्वी संलग्न महाविद्यालयांकडे पाठवावा, त्यावर लेखी अभिप्राय मागवावेत आणि कोणती सूचना का स्वीकारली वा का नाकारली, याची नोंद इतिवृत्तात करावी. मतदारयादीत नाव नसलेल्या अध्यापकालाही अभिप्राय देण्याचा अधिकार असावा. त्यासाठी कोणत्याही कलमात दुरुस्ती लागत नाही. आंतरवासितेत छात्राध्यापकांना मार्गदर्शन करणाऱ्या शाळाशिक्षकांना निमंत्रित म्हणून बैठकीत बसवावे. झाडीपट्टीपुरता नागपूर आणि गोंडवाना या दोन विद्यापीठांनी भाषाघटकाचा एक समान आराखडा तयार करावा.

आंतरवासितेच्या वीस आठवड्यांपैकी सोळा आठवडे छात्राध्यापक सलगपणे शाळेत असतो. त्या काळात प्रत्येकाने आपल्या वर्गातील मुलांच्या तोंडचे शब्द, वाक्प्रचार आणि उच्चार यांची नोंदवही ठेवावी, तिच्या आधारे प्रमाण मराठीकडे नेणारे दोन पाठ तयार करावेत आणि तिचे मूल्यमापन महाविद्यालयाच्या स्तरावर व्हावे. दहा वर्षांत अशा नोंदवह्यांतून जिल्ह्याच्या भाषेचा जो संग्रह उभा राहील, तो मराठी विभागांच्या संशोधनालाही उपयोगी पडेल. आणि पाठनिरीक्षणाच्या नोंदीत ‘शुद्ध उच्चार’ या रकान्याशेजारी आणखी एक रकाना यावा : मुलाच्या उत्तराचा शिक्षकाने कसा उपयोग केला?

हे सारे करण्यास वेळ फार उरलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एकाकी अध्यापक महाविद्यालयांनी २०३० पर्यंत बहुविद्याशाखीय संस्थांत रूपांतरित व्हावे, असे म्हटले आहे. चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम हीच शिक्षकपदाची किमान पात्रता करण्याचे उद्दिष्टही त्याच वर्षासाठी ठेवले आहे. या बदलात भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातील लहान महाविद्यालये टिकतील की नाही, ही चिंता रास्त आहे. मात्र साहित्याचा विभाग आणि शिक्षणशास्त्राचा विभाग एका छताखाली येण्याची शक्यताही याच बदलात आहे. अभ्यासक्रम कोणी ठरवावा, हा प्रश्न त्यापूर्वी सुटला नाही, तर दोन विभागांमध्ये केवळ एक भिंत राहील आणि पूर्वीचा अलगपणा नव्या इमारतीत राहावयास जाईल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्याचा आनंद सर्वांनाच झाला आणि तो योग्यच होता. परंतु भाषेचे अभिजातपण शिलालेखांत आणि पोथ्यांत जसे असते, तसेच ते आज तिच्यात पहिले वाक्य बोलू पाहणाऱ्या मुलाच्या धैर्यातही असते. मागच्या बाकावरचा तो मुलगा पुन्हा हात वर करतो की नाही, याचा निर्णय वर्गात होतो असे दिसते. त्याचा पुष्कळसा भाग त्याआधीच, अभ्यासमंडळाच्या बैठकीत, कोण उपस्थित आहे आणि कोणाला बोलावलेलेच नाही, यावर ठरून गेलेला असतो.